जबड्याच्या ऑपरेशननंतर ओठ बधिर: लेसर लावायचा तर कुणाला, कुठे आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. २६ वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा पुढे आणण्यासाठी दोन्ही बाजूंना सॅजिटल स्प्लिट ऑस्टिओटॉमी (जबड्याचं हाड उभं दुभंगून सरकवणं), म्हणजे बीएसएसओ, होऊन पाच आठवडे झालेत. डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर आहे, उजवीकडे मुंग्या येतात. विचारणाऱ्या डेंटिस्टकडे हिरडी कापण्यासाठी घेतलेला ९८० नॅनोमीटरचा डायोड लेसर आहे. तो लो-लेव्हल लेसर म्हणून, म्हणजे न कापता कमी ताकदीने, वापरता येईल का, किती ज्यूल द्यायचे, किती सिटिंग लागतील आणि पेशंटला काय कबूल करायचं, हे विचारलंय.

वापरता येईल. पण आज खुर्चीत बसवून लगेच सुरू करू नका. त्याआधी दोन कागद हातात हवेत: ऑपरेशन नोट, आणि तुम्ही स्वतः काढलेला बधिर भागाचा नकाशा. लेसर ज्या नर्व्हला मदत करू शकतो ती सलग असावी लागते. तुटलेली नर्व्ह प्रकाशाने जोडली जात नाही. त्या पेशंटला दहा सिटिंग देण्यात जे आठवडे जातात ते नर्व्ह जोडणाऱ्या मायक्रोसर्जनचे असतात, आणि ते परत मिळत नाहीत.

ऑपरेशन नोटमध्ये चार गोष्टी शोधा. स्प्लिट केल्यावर इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी, ओठ-हनुवटीला संवेदना देणारी) दिसली का? दिसली तर दात असलेल्या तुकड्यात होती, की मागच्या तुकड्याला चिकटली होती आणि सोडवावी लागली? ताणली, खरचटली, अर्धवट कापली गेली असं काही लिहिलंय का? हाड कशाने बसवलं, प्लेट आणि हाडाच्या एकाच कडक थरातले (कॉर्टेक्समधले) छोटे स्क्रू, की आरपार जाणारे बायकॉर्टिकल स्क्रू? सोबत जेनिओप्लास्टी, म्हणजे हनुवटीचं ऑपरेशन, झाली असेल तर तीही नोंदवा, कारण मग मेंटल नर्व्हला, म्हणजे याच नर्व्हच्या हनुवटीकडे बाहेर येणाऱ्या फांदीला, दुसऱ्या जागीही धक्का बसलेला असतो. नोट अर्धवट असेल तर सर्जनला फोन करा. नर्व्ह सलग होती एवढं एक वाक्य त्यांच्याकडून मिळालं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते सेडनने १९४३ मध्ये केलेल्या नर्व्हच्या दुखापतींच्या वर्गीकरणातून कळतं. न्यूरॅप्रॅक्सियात नर्व्ह दबलेली किंवा थोडी ताणलेली असते, आतला तंतू शाबूत असतो, नुसतं वहन थांबलेलं असतं. हे काही दिवसांत ते साधारण दोन महिन्यांत आपोआप उलगडतं. ॲक्सोनॉट्मेसिसमध्ये तंतू तुटतो पण त्याची नळी टिकून असते, त्यामुळे नवा अंकुर त्याच नळीतून पुढे सरकतो. न्यूरॉट्मेसिस म्हणजे सगळंच तुटलेलं. सुंदरलँडने १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या केल्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या, आतून वण धरलेल्या नर्व्ह बाहेरून सलग दिसतात आणि तरी सुधारत नाहीत, हे त्याच्यामुळे नीट मांडता येतं. लेसरकडून अपेक्षा धरायची ती पहिल्या दोन प्रकारांत.

आता तुमच्या पेशंटचा हिशेब करू. नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. ऑस्टिओटॉमीच्या जागेपासून ओठापर्यंत ६ ते ८ सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे ६० ते ८० दिवस. त्याआधी जुना तंतू मोडीत निघून नवा अंकुर फुटायला काही आठवडे जातात. म्हणजे डावीकडे ॲक्सोनॉट्मेसिस झाला असेल तर पाचव्या आठवड्यात ओठ पूर्ण बधिर असणं अपेक्षितच आहे. घाबरण्याची वेळ ही नाही. पण बाराव्या आठवड्यातही टोचलेलं, गरम-गार, काहीच कळत नसेल, मुंग्यासुद्धा नसतील, तर ते चांगलं लक्षण नाही. तेव्हा लेसरचं आणखी एक पॅकेज द्यायचं नाही, नर्व्ह दुरुस्ती करणाऱ्या ओरल सर्जनकडे पाठवायचं. दुरुस्तीचा निकाल उशिराने बिघडत जातो, सहा महिन्यांनंतर जास्तच. सर्जनने नर्व्ह कापली गेल्याचं आधीच लिहिलं असेल तर बारा आठवडेही थांबायचं कारण नाही.

आणखी एक पाहून घ्या: ओठ हलतो ना? इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ओठाला फक्त संवेदना देते. ओठाचा कोपरा खाली ओढला जात नसेल किंवा हसताना तोंड वाकडं होत असेल तर तो फेशियल नर्व्हचा, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नर्व्हचा, प्रश्न आहे आणि त्याची तपासणी वेगळी.

ऑपरेशननंतरचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, असेलच. आरपार स्क्रू असतील, दाबल्यावर करंट लागल्यासारखी कळ येत असेल किंवा नर्व्हच्या हाडातल्या कालव्याच्या जागी हाडाचा तुकडा सरकल्याची शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढा. कालव्यातून गेलेला स्क्रू नर्व्हवर दाबत असताना बाहेरून प्रकाश टाकत बसणं म्हणजे दगडाखाली बोट ठेवून वर मलम चोळणं.

आता नकाशा. याला वीस मिनिटं लागतात आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच टाळलं जातं. शांत खोली, पेशंटचे डोळे मिटलेले, ओठ सैल. कापसाच्या धाग्याने शाबूत भागाकडून बधिर भागाकडे जात राहा आणि 'आता कळेना' म्हणाली की तिथे स्किन मार्करने ठिपका द्या. ठिपके जोडा, पट्टी धरून फोटो काढा. मग एकेक चाचणी. मऊ ब्रशने १ सेंटिमीटरची रेघ ओढून दिशा विचारा, दहापैकी नऊ बरोबर आल्या तर ठीक. बोथट टोकांच्या डिव्हायडरने दोन बिंदू वेगळे कळण्याचं अंतर मोजा, २ मिलिमीटरपासून वाढवत जा आणि मधूनमधून एकच टोक टेकवा, नाहीतर पेशंट अंदाजाने 'दोन' म्हणत राहतो. हलक्या स्पर्शासाठी मोनोफिलामेंट, म्हणजे ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, असेल तर उत्तम. मधुमेहाच्या दवाखान्यात पायाला लावतात तो १० ग्रॅमचा फिलामेंट इथे आणू नका, ओठासाठी तो दांडकंच आहे. शाबूत ओठाला ०.०७ ग्रॅमचा किंवा त्याहूनही बारीक फिलामेंट कळायला हवा. मग सुईचं टोचणं, आणि कोमट व गार पाण्याच्या दोन टेस्ट ट्यूब. शेवटी पेशंटला ० ते १० मध्ये स्वतः आकडा द्यायला सांगा, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे ऑपरेशनआधीसारखं.

तुलना कशाशी करायची हा प्रश्न बीएसएसओमध्ये नेहमी येतो, कारण दोन्ही बाजूंना काम झालेलं असतं. वरचा ओठ घ्या. पण वरच्या जबड्याचंही ऑपरेशन, म्हणजे लेफोर्ट वन, झालं असेल तर तोही भरवशाचा नसतो. मग कपाळ घ्या. जे घ्याल तेच प्रत्येक वेळी घ्या, आणि तपासणारा माणूसही बदलू नका.

निकाल एमआरसीच्या (ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या) संवेदनेच्या श्रेणीत लिहिला की पुढच्या डॉक्टरलाही कळतो. एस० म्हणजे काहीच नाही. एस१ म्हणजे फक्त खोल दुखणं कळतं. एस२ मध्ये वरवरचा स्पर्श आणि टोचणं थोडंफार, एस३ मध्ये ते दोन्ही नीट आणि साध्या स्पर्शाला दचकणं नाही, पण दोन बिंदू १५ मिलिमीटरच्या आत कळत नाहीत. ७ ते १५ झालं की एस३ अधिक, २ ते ६ झालं की एस४. रोजच्या जगण्याला पुरेशी संवेदना एस३ पासून धरतात.

मग यंत्राकडे येऊ. लो-लेव्हल लेसर, ज्याला हल्ली फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, त्याची सुरुवात १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टरने केलेल्या निरीक्षणातून झाली. रुबी लेसरने उंदरांत कर्करोग होतो का हे पाहताना मुंडलेल्या जागी केस उलट लवकर उगवले. सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं की लाल आणि निअर-इन्फ्रारेड प्रकाश मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम शोषून घेतं, त्याला अडकलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं. प्राण्यांच्या नर्व्हवरच्या प्रयोगांत वाढ लवकर झाल्याचे निकाल बरेच आहेत. माणसांत चित्र तेवढं स्वच्छ नाही. ऑस्लोच्या १९९६ च्या छोट्या अभ्यासात जुन्या बधिरपणावर ८२० नॅनोमीटरने दर सिटिंगला ४ बिंदूंवर ६-६ ज्यूल, अशी २० सिटिंग दिली. स्पर्शाची जाण सुधारली, गरम-गारची नाही. अमेरिकेत मिलोरो आणि रेपास्की यांनी २००० मध्ये बीएसएसओच्या सहा रुग्णांत ऑपरेशनच्या दिवसापासूनच हाच ४ गुणिले ६ ज्यूलचा डोस दिला, निकाल आश्वासक वाटले, पण तुलनेचा गट नव्हता. त्याच मिलोरोच्या २०१८ मधल्या, प्लसीबो गट असलेल्या अनेक केंद्रांच्या चाचणीत लिंग्वल (जिभेच्या) आणि इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्हच्या दुखापतींत खऱ्या आणि खोट्या लेसरमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून हा उपचार मी पूरक मानतो. अपाय कमी, फायदा शक्य, हमी नाही.

तुमचा ९८० चा लेसर याला आदर्श नाही. पाणी ९८० ला ८१० पेक्षा जास्त शोषतं, त्यामुळे तोच डोस जास्त ऊब देतो. ८०८ ते ८३० ची १०० ते २०० मिलिवॅटची साधी थेरपी प्रोब उसनी मिळाली तर ती घ्या. ९८० च वापरायचा असेल तर बायोस्टिम्युलेशनचा किंवा ब्लीचिंगचा रुंद हँडपीस लावूनच. कापायचा फायबर त्वचेला टेकवायचा नाही, कारण हिशेब पाहा: ४०० मायक्रॉन फायबरच्या टोकाचं क्षेत्रफळ सुमारे ०.००१२६ चौरस सेंटिमीटर. त्यातून अवघे १०० मिलिवॅट आले तरी टोकाशी दर चौरस सेंटिमीटरला ८० वॅट होतात. तेच १०० मिलिवॅट ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रोबमधून, म्हणजे अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर, दिले की ०.२ वॅट. आकडा यंत्राच्या पडद्यावर तोच, परिणाम मात्र एकीकडे उपचार आणि दुसरीकडे डाग. आधीच्या कामात काळं केलेलं टोक तर अजिबात नको. तिथे प्रकाश अडून त्याची उष्णता होते.

डोसचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्यूल म्हणजे वॅट गुणिले सेकंद. ०.१ वॅट ६० सेकंद म्हणजे ६ ज्यूल. प्रति चौरस सेंटिमीटर किती, हे प्रोबच्या आकारावर ठरतं: अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या प्रोबला १२, फार बारीक टोकाच्या प्रोबला तेच ६ ज्यूल दोनशेच्या पुढे जातात. म्हणून एखाद्या लेखात '१२' वाचून आपल्या यंत्रात १२ घालू नका. दर बिंदूला किती ज्यूल, प्रोब केवढी, किती बिंदू, हे तिन्ही मिळाल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे. पल्स मोडमध्ये आणखी एक चूक होते. पडद्यावर ०.२ वॅट शिखर आणि ५० टक्के ड्यूटी सायकल (म्हणजे निम्मा वेळच प्रकाश चालू) असेल तर सरासरी ०.१ च असते, वेळ दुप्पट लागतो. काही यंत्रं सरासरी दाखवतात, काही शिखर, माहितीपुस्तिका बघा. सर्वांत बरं म्हणजे पॉवर मीटर आणून हँडपीसच्या तोंडाशी मोजणं. जुन्या डायोडचा आणि लेबलचा मेळ बसेलच असं नाही.

वॅट वाढवून वेळ वाचवू नका. ०.५ वॅटने १२ सेकंदांतही ६ ज्यूल होतात, पण अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर तो दर १ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर होतो, सावळ्या त्वचेवर भाजू शकतो, आणि पेशींचा प्रतिसाद कागदावरच्या ज्यूलइतकाच येईल असंही नाही. या उपचारात कमी डोस उत्तेजन देतो आणि जास्त डोस उलट दाबतो, ही दुहेरी वागणूक प्रयोगशाळेत वारंवार दिसली आहे. 'थोडं जास्तच देऊ' हा विचार इथे लागू पडत नाही.

आता बिंदू. १०० मिलिवॅट आणि अर्ध्या चौरस सेंटिमीटरची प्रोब धरून सांगतो. तोंडाच्या आतून चार जागा. पहिली, जिथे आपण ब्लॉकचं इंजेक्शन देतो ती: रेमसच्या, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या, आतल्या बाजूला, दातांच्या चावण्याच्या पातळीच्या साधारण १ सेंटिमीटर वर, नर्व्ह हाडात शिरते तिथे. दुसरी, शेवटच्या दाढेच्या मागे-बाहेर, ऑस्टिओटॉमीच्या रेषेवर. तिसरी, पहिल्या दाढेच्या मुळांच्या टोकांशी गालाच्या बाजूने. चौथी, दोन उपदाढांच्या मुळांखाली मेंटल फोरॅमेन या हाडातल्या छिद्रावर. ही चौथी जागा सर्वांत फायद्याची, कारण इथे नर्व्ह हाडाबाहेर येते. प्रत्येक जागी ६०-६० सेकंद, म्हणजे एकूण २४ ज्यूल. बाहेरून हनुवटी आणि ओठाच्या बधिर भागावर १ सेंटिमीटर अंतराने सहा बिंदू, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे २ ज्यूल. तिथे फांद्या उथळ असतात, जास्त लागत नाही. एका बाजूचं काम प्रत्यक्ष प्रकाशाच्या सहा मिनिटांत होतं. फक्त ओठावर फिरवून पेशंटला उठवतात ते चुकतं. दुखापत ओठात नसून मागे कोनाजवळ आहे.

पाचव्या आठवड्यात इलॅस्टिक असतील, तोंड पूर्ण उघडत नसेल, आणि पहिली जागा गाठणं जड जाईल. ओढाताण करू नका. इलॅस्टिक काढण्याची परवानगी सर्जनकडून घ्या. नाही मिळाली तर पहिल्या दोन जागा बाहेरून, जबड्याच्या कोनापाशी आणि खालच्या कडेने घ्या, एवढं लक्षात ठेवून की तिथे त्वचा, मॅसेटर (चावण्याचा स्नायू) आणि हाड ओलांडून फार थोडा प्रकाश आत पोचतो. मेंटल फोरॅमेनची जागा मात्र ओठ बाजूला करून गाठता येतेच. प्रोब काटकोनात, टेकवून, हलक्या दाबाने धरा, म्हणजे तिथलं रक्त सरकून प्रकाश आत जातो. ऑस्टिओटॉमीवर मात्र दाब नको. प्रोबवर पारदर्शक फिल्मचा एकच थर, दर पेशंटला नवा. प्लेट-स्क्रूंमुळे लेसर बंद ठेवायची गरज नाही, टायटॅनियम या डोसला तापत नाही. प्लेटच्या मागे प्रकाश पोचत नाही एवढंच. म्हणून बिंदू थोडा बाजूला घ्या.

दोन सिटिंगमध्ये किमान एक पूर्ण दिवस सोडा, आठवड्यात दोन किंवा तीन. दहाव्या सिटिंगला नवा नकाशा काढा. ठिपक्यांची सीमा आत सरकली असेल किंवा श्रेणी एका पायरीने चढली असेल तर आणखी दहा. काहीच हललं नसेल तर थांबा. वीस सिटिंगचे पैसे आधी घेऊ नका, कारण मग दहाव्याला थांबायचा निर्णय घेणं तुम्हालाच अवघड जातं.

सुरक्षेत एक गोष्ट इथे नेहमीपेक्षा वेगळी आहे: बधिर त्वचा भाजल्याचं सांगत नाही. 'गरम लागलं तर हात वर करा' हे वाक्य या पेशंटला निरर्थक आहे. म्हणून तीच सेटिंग, तोच हँडपीस, तेवढाच वेळ आधी तिच्या कपाळावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सुखद ऊब किंवा काहीच नाही असं असेल तरच हनुवटीवर जा, आणि दर बिंदूनंतर बोटाने ऊब बघा. मेलॅनिन प्रकाश शोषतं, त्यामुळे तीळ, काळे डाग आणि पुरुषांत दाढीचे खुंट टाळा. लिपस्टिक, सनस्क्रीन आणि विशेषतः बीटाडिनचा तपकिरी रंग पुसून घ्या.

चष्मे तिघांना: पेशंट, तुम्ही आणि असिस्टंट. चष्म्यावर कोणत्या तरंगलांबीसाठी आहे ते छापलेलं असतं. ८१० चा चष्मा ९८० ला चालेलच असं धरू नका, आणि क्युअरिंग लाइटची नारिंगी काच इथे काहीही अडवत नाही. दिसतो तो लाल ठिपका निव्वळ नेम धरण्यासाठी असतो, खरा किरण अदृश्य आहे. स्टीलच्या आरशावरून तो परततो. गाल बाजूला करायला प्लास्टिकचा रिट्रॅक्टर घ्या.

प्रकाशाच्या जागी गाठ किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर लेसर नाही. थायरॉइडवर थेट नाही. डॉक्सीसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन अशी त्वचा प्रकाशाला हळवी करणारी औषधं चालू असतील तर आधी विचार करा. तिशीच्या आतल्या मुलींत मुरुमांसाठी ही औषधं सर्रास असतात, आणि ती 'औषध' म्हणून आठवत नाहीत, मुद्दाम विचारावं लागतं.

सिटिंगनंतर काही तास मुंग्या किंवा टोचणी वाढू शकते. दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर पुढच्या वेळी दर बिंदूचे ज्यूल निम्मे करा. पण जळजळ होत असेल, उशी किंवा वारा लागला तरी कळ येत असेल तर हा बधिरपणा राहिलेला नाही, न्यूरोपॅथिक वेदना सुरू झाली आहे. तिला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबलिनसारखी औषधं आणि तज्ज्ञाचं मत लागतं. अशा वेळी लेसर ढकलत राहू नये. आणि आलेली संवेदना पुन्हा गेली, किंवा महिन्यांनंतर नव्याने हनुवटी बधिर झाली, तर संसर्ग, सैल स्क्रू किंवा हाडातली गाठ शोधा. नव्या बधिरपणावर, कारण कळेपर्यंत, लेसर कधीच नाही.

मिथिलकोबालामिन (व्हिटॅमिन बी१२) बहुतेकांना चालूच असतं, राहू द्या. त्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या जोरावर वाट पाहू नका. स्टेरॉइडची वेळ ऑपरेशनच्या आसपासच्या सुजेपुरती होती, ती गेली. याउलट फुकटचा एक उपचार लोक विसरतात: संवेदनेचं पुनर्शिक्षण. आरशासमोर बसून मऊ ब्रश ओठावर वर-खाली, आडवा-तिरपा फिरवायचा, दिशा बघत मनात म्हणायची, मग डोळे मिटून तेच. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या चाचणीत बीएसएसओनंतर असा सराव करणाऱ्यांना बधिरपणाचा त्रास कमी वाटला. नर्व्ह लवकर वाढते असं नाही. मेंदू अर्धवट आलेले संकेत वाचायला शिकतो.

घरच्या सूचना लिहूनच द्या. चहा, वरण, सूप वरच्या ओठाने किंवा मनगटावर थेंब टाकून बघूनच प्यायचं. खालच्या ओठाला पोळलेलं कळत नाही. जेवताना आरसा किंवा रुमाल जवळ, हनुवटीला भात चिकटलेला कळत नाही. ओठ चावला जाऊन पांढरा फोड येतो, तो रोज बघायचा. शेकण्याची पिशवी हनुवटीवर नको.

पेशंटला सांगायचं वाक्य मी असं ठेवेन: 'नर्व्ह सलग आहे असं सर्जन म्हणतात, त्यामुळे संवेदना येण्याची शक्यता चांगली आहे. ती लेसरशिवायही येऊ शकते. लेसरने ती लवकर येते असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. दहा सिटिंगनंतर मोजू.' 'शंभर टक्के पूर्वीसारखं होईल' असं बोलू नका. तरुण वय तिच्या बाजूने आहे. चाळिशीनंतर आणि जेनिओप्लास्टी सोबत असेल तर कायमचा थोडा बधिरपणा राहण्याची शक्यता वाढते. सुधारणा आली तर ती कशामुळे, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही, कारण पाच ते पंधरा आठवडे हाच नैसर्गिक सुधारणेचाही काळ आहे.

उजवी बाजू, जिथे मुंग्या येतात. तिथे नर्व्ह जागी होत असल्याची शक्यता जास्त आहे, आणि मेंटल फोरॅमेनवर बोटाने टिचकी मारल्यावर ओठात झिणझिण्या आल्या तर ती खूण मजबूत होते. तिथे लेसर लावायची गरज मला दिसत नाही. लावायचाच असेल तर तोच डोस लावा, पण 'डावी लेसरची, उजवी तुलनेची' असा प्रयोग मनातल्या मनातही करू नका, कारण दोन्ही बाजूंची दुखापत मुळात सारखी नाही. उजवीकडेही नकाशा मात्र काढा. पुढची पूर्ण तपासणी ऑपरेशनपासून बाराव्या आठवड्यात. ती तारीख आजच केसपेपरवर लिहा, आणि त्या दिवशी डावी बाजू एस० वरच असेल तर रेफरलचं पत्र त्याच दिवशी हातात द्या, सोबत सगळे नकाशे जोडून.